सायकल आणि मोटारसायकल : किंमत, मार्जिन आणि नफा यांचा तुलनात्मक विचार

प्रस्तावना

वाणिज्य शाखेच्या प्रथम वर्षात नफा, मार्जिन आणि उलाढाल या संकल्पना शिकविल्या जातात. विद्यार्थी सूत्रे पाठ करतात, उदाहरणे सोडवितात आणि गुणही मिळवितात. परंतु "सायकलचे दुकान जास्त फायद्याचे की मोटारसायकलची एजन्सी?" असा साधा प्रश्न विचारला, तर बहुतेक उत्तरे केवळ किमतीकडे पाहून दिली जातात. मोटारसायकल महाग, म्हणून तिच्यात नफा अधिक, असा सर्वसाधारण समज असतो. काही विद्यार्थी याच्या उलट टोकाला जातात. सायकलवर शेकडा वीस सुटतात आणि गाडीवर जेमतेम पाच, म्हणून सायकलच बरी, असे ते म्हणतात. या दोन्ही उत्तरांत निम्मेच सत्य आहे.

हा प्रश्न केवळ परीक्षेपुरता नाही. छोट्या शहरांतील महाविद्यालयांतून बाहेर पडणारे अनेक तरुण नोकरीपेक्षा व्यवसायाकडे वळतात. घरची शिल्लक, नातेवाइकांकडून घेतलेले उसने पैसे किंवा बँकेचे कर्ज हेच त्यांचे भांडवल असते. ते कशात गुंतवावे, याचा निर्णय चुकला तर त्याची फेड पूर्ण कुटुंबाला करावी लागते. म्हणून प्रस्तुत लेखात सायकल आणि मोटारसायकल या दोन परिचित वस्तूंच्या आधारे किंमत कशी बनते, मार्जिन कोणाकडे जाते आणि हाती प्रत्यक्षात काय उरते, याचा विचार केला आहे.

दोन उद्योग, एक घराणे

या तुलनेसाठी भारतात एक उत्तम उदाहरण उपलब्ध आहे. आज पाकिस्तानात असलेल्या कमालिया या गावातून आलेल्या मुंजाल बंधूंनी लुधियाना येथे प्रथम सायकलच्या सुट्या भागांचा व्यवसाय केला आणि १९५६ साली हीरो सायकल्सची स्थापना केली. १९८६ मध्ये जगातील सर्वांत मोठी सायकल उत्पादक कंपनी म्हणून तिची गिनेस बुकात नोंद झाली. त्याच घराण्याने जपानच्या होंडा कंपनीशी भागीदारी करून १९८४ मध्ये हीरो होंडाची स्थापना केली. तिची सीडी १०० ही पहिली मोटारसायकल १९८५ मध्ये बाजारात आली. २००१ मध्ये हीरो होंडा ही जगातील सर्वाधिक दुचाकी बनविणारी कंपनी ठरली. डिसेंबर २०१० मध्ये होंडाशी फारकत जाहीर झाली आणि २०११ मध्ये कंपनीला हीरो मोटोकॉर्प हे नाव मिळाले.

घराणे एक, व्यापारी शिस्त एक, विक्रेत्यांशी संबंध ठेवण्याची पद्धतही जवळजवळ एकच. तरीही दोन्ही उद्योगांची नफाक्षमता फार वेगळी राहिली. याचा अर्थ, हा फरक केवळ मालकाच्या हुशारीतून आलेला नाही. तो त्या वस्तूच्या आणि तिच्या बाजाराच्या रचनेत दडलेला आहे.

किंमत कशी बनते

साध्या काळ्या सायकलची किंमत आज साधारणपणे पाच ते सात हजार रुपये असते आणि तिचे वजन वीस-बावीस किलो भरते. म्हणजे सहा हजारांची सायकल सुमारे पावणेतीनशे रुपये किलोने पडते. हीरोची स्प्लेंडर ही ११२ किलो वजनाची मोटारसायकल सप्टेंबर २०२५ मधील करकपातीनंतर दिल्लीत सुमारे ७४ हजार रुपये एक्स-शोरूम किमतीला मिळू लागली. तिचा किलोचा भाव सुमारे ६६० रुपये येतो. ही तुलना ओबडधोबड असली तरी वर्गात उपयोगी पडते. सायकलच्या किमतीत पोलादी नळ्या, रिम, टायर आणि जोडणीची मजुरी यांचा वाटा मोठा असतो. मोटारसायकलच्या किमतीत धातूखेरीज इंजिनाची रचना, प्रदूषण नियंत्रणाची यंत्रणा, चाचण्या, जाहिरात आणि कंपनीचे नाव यांचेही मोल मिसळलेले असते.

सरकारी नियमांचा परिणामही दोघींवर वेगवेगळा होतो. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील दुचाकींना एबीएस आणि त्याखालील दुचाकींना सीबीएस ही ब्रेक प्रणाली सक्तीची झाली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषण मानक लागू झाले. यामुळे उत्पादनखर्च वाढला, किमती वाढल्या आणि लहान कंपन्यांना या क्षेत्रात पाय ठेवणे अधिक कठीण झाले. सायकलला नोंदणी लागत नाही, विम्याची सक्ती नाही, रस्ता कर नाही. मोटारसायकलच्या ग्राहकाला मात्र एक्स-शोरूम किमतीवर राज्यानुसार बदलणारा रस्ता कर द्यावा लागतो. तसेच सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसाठी पाच वर्षांचा त्रयस्थ पक्ष विमा एकदम घ्यावा लागतो. ७५ ते १५० सीसी गटासाठी २०२२ मध्ये ठरलेला हा हप्ता, कर वगळून, ३,८५१ रुपये होता. ग्राहकाच्या खिशातून जाणारी ही रक्कम विक्रेत्याचे उत्पन्न नसते. तिच्यातील थोडे कमिशन तेवढे त्याच्या वाट्याला येते.

कर आणि किंमत

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला, तर त्यापेक्षा मोठ्या मोटारसायकलींवर तो ४० टक्के करण्यात आला. येथे विद्यार्थ्यांची एक चूक हमखास होते. कर दहा टक्क्यांनी उतरला म्हणजे किंमतही दहा टक्क्यांनी उतरली, असे ते गृहीत धरतात.

प्रत्यक्ष हिशेब असा. करासह ८०,००० रुपये किमतीच्या मोटारसायकलची करपूर्व किंमत, कर २८ टक्के असताना, ६२,५०० रुपये होते. तिच्यावर १८ टक्के कर लावला की नवी किंमत ७३,७५० रुपये येते. घट ६,२५० रुपयांची, म्हणजे सुमारे ७.८ टक्के. करासह ६,००० रुपये किमतीच्या सायकलची करपूर्व किंमत, कर १२ टक्के असताना, सुमारे ५,३५७ रुपये येते. ५ टक्के कराने नवी किंमत ५,६२५ रुपये होते. घट ३७५ रुपयांची, म्हणजे सव्वासहा टक्के.

ग्राहकाला लाभ झाला. पण उत्पादकाचे काय? सायकल ५ टक्के कराने विकायची आणि तिच्यासाठी लागणारे पोलाद मात्र १८ टक्के कर भरून घ्यायचे, अशी स्थिती आहे. जमा झालेला कच्च्या मालावरील जादा कर परत मागता येतो. परंतु सेवा आणि यंत्रसामग्री यांवर भरलेल्या कराचा या परताव्यात समावेश होत नाही. शिवाय परतावा हाती येईपर्यंत पैसा अडकून राहतो. मुळातच कमी मार्जिनवर चालणाऱ्या उद्योगात खेळते भांडवल अडकणे ही गंभीर बाब ठरते. करकपात आणि नफावाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून स्पष्ट करता येते.

उत्पादकाचे मार्जिन

२०२४-२५ या आर्थिक वर्षात हीरो मोटोकॉर्पने सुमारे ५९ लाख दुचाकी विकल्या. तिचे उत्पन्न सुमारे ४०,७५६ कोटी रुपये आणि करोत्तर नफा सुमारे ४,६१० कोटी रुपये होता. म्हणजे उत्पन्नाच्या सुमारे ११ टक्के निव्वळ नफा झाला. नफ्याला विकलेल्या गाड्यांनी भागले तर प्रत्येक गाडीमागे सुमारे ७,८०० रुपये येतात. अर्थात या नफ्यात सुट्या भागांच्या विक्रीचाही वाटा आहे, हे विसरता येत नाही. त्याच वर्षी पुण्याच्या बजाज ऑटोने सुमारे ५०,००० कोटी रुपयांच्या उत्पन्नावर ८,१५१ कोटी रुपये करोत्तर नफा मिळविला. हे प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास जाते. बजाजची निर्यात मोठी आहे आणि तिच्या विक्रीत तीनचाकी वाहनेही आहेत. त्यामुळे दोन्ही कंपन्यांचे आकडे एकाच मापाने मोजणे योग्य होणार नाही.

साध्या सायकलच्या उत्पादकाला असे प्रमाण गाठणे अवघड असते. त्याची कारणे तीन. पहिले, सायकलची नळी, पायडल, सीट, घंटी हे भाग बनविणारे असंख्य लहान कारखाने लुधियानात आहेत. त्यामुळे भाग विकत घेऊन सायकल जोडणे कोणालाही शक्य होते. दुसरे, सायकलचा मुख्य ग्राहक शेतमजूर, कामगार आणि शाळकरी मुलांचे पालक असा आहे. दोनशे रुपयांचा फरक पडला तरी तो दुसऱ्या कंपनीची सायकल घेतो. तिसरे, पोलादाचे भाव वाढले तर ती वाढ लगेच ग्राहकावर टाकता येत नाही. सोनीपत येथे १९५१ मध्ये सुरू झालेली ॲटलस ही एके काळची अग्रगण्य कंपनी. परंतु तिच्या साहिबाबाद येथील कारखान्याचे काम ३ जून २०२० रोजी, म्हणजे जागतिक सायकल दिनीच, पैशाअभावी थांबले. ओळखीचे नाव आणि मोठा खप असूनही कमी मार्जिनचा उद्योग वाईट दिवसांचा धक्का किती सोसू शकतो, हे यावरून दिसते.

मोटारसायकलच्या बाजारात चित्र वेगळे आहे. हीरो, होंडा, टीव्हीएस आणि बजाज या चार कंपन्यांकडे देशातील दुचाकी विक्रीचा फार मोठा हिस्सा आहे. नव्या कंपनीला इंजिन, मान्यता, विक्रेत्यांचे जाळे आणि सेवा केंद्रे हे सर्व उभारण्यास मोठे भांडवल आणि बरीच वर्षे लागतात. या कुंपणामुळे आतल्यांचे मार्जिन टिकून राहते.

तरीही सायकल म्हटली की नफा कमी, असा नियम करता येणार नाही. गिअरच्या सायकलींचे गिअर आणि ब्रेक बनविणारी जपानची शिमानो ही कंपनी मासेमारीची साधनेही बनविते, पण तिचा मुख्य धंदा सायकलच्या भागांचाच आहे. २०२२ मध्ये तिचा कार्यकारी नफा विक्रीच्या चतुर्थांशाहून अधिक होता. ही कंपनी पूर्ण सायकल विकत नाही. सायकलमधील जो भाग इतरांना सहज बनविता येत नाही, तो विकते. येथे या विषयाचे मर्म सापडते. मार्जिन वस्तूच्या किमतीवर ठरत नाही. साखळीतील ज्या दुव्याला पर्याय सहज मिळत नाही, त्याच्याकडे ते जाते. मोटारसायकलमध्ये तो दुवा इंजिन बनविणारी कंपनी आहे. गिअरच्या सायकलमध्ये तो गिअर बनविणारी कंपनी आहे. साध्या सायकलमध्ये असा दुवा जवळजवळ नाहीच. २०१५ मध्ये हीरो सायकल्सने महागड्या सायकलींची फायरफॉक्स ही कंपनी विकत घेतली, त्यामागील व्यापारी तर्कही यावरून उमगतो.

विक्रेत्याचे मार्जिन : एक गृहीत उदाहरण

दुकानाच्या पातळीवर मात्र क्रम उलटा होतो. तेथे सायकलचे मार्जिन दोन अंकी आणि मोटारसायकलचे बहुधा एक अंकी असते. पुढील आकडे प्रत्यक्ष दुकानांतून घेतलेले नाहीत. हिशेब समजावा म्हणून ते गृहीत धरले आहेत आणि सर्व किमती करपूर्व आहेत.

सायकल दुकान
प्रति नग खरेदी ४,८०० रु., विक्री ६,००० रु., एकूण नफा १,२०० रु.
सरासरी साठा ५० नग. साठ्यात भांडवल २,४०,००० रु.
साठा वर्षातून ४ वेळा फिरतो. विक्री २०० नग
वार्षिक एकूण नफा २,४०,००० रु.
१२ टक्के दराने व्याज २८,८०० रु.
भाडे, मजुरी, वीज इत्यादी १,८०,००० रु.
शिल्लक ३१,२०० रु.

मोटारसायकल एजन्सी
प्रति नग खरेदी ५७,००० रु., विक्री ६०,००० रु., एकूण नफा ३,००० रु.
सरासरी साठा ५० नग. साठ्यात भांडवल २८,५०,००० रु.
साठा वर्षातून १२ वेळा फिरतो. विक्री ६०० नग
वार्षिक एकूण नफा १८,००,००० रु.
१२ टक्के दराने व्याज ३,४२,००० रु.
भाडे, पगार, वीज इत्यादी १३,२०,००० रु.
शिल्लक १,३८,००० रु.

या उदाहरणातून पाच गोष्टी शिकविता येतात.

एक, मार्जिन आणि मार्कअप यांतील फरक. १,२०० रुपयांचा नफा विक्री किमतीच्या २० टक्के, पण खरेदी किमतीच्या २५ टक्के आहे. दुकानदार बोलताना यांपैकी कोणताही आकडा सांगतो. ऐकणाऱ्याने कशावर टक्के काढले, ते आधी विचारावे.

दोन, टक्का आणि रुपया. सायकलचे मार्जिन मोटारसायकलच्या चौपट आहे. पण एका नगामागे सुटणारे रुपये मोटारसायकलमध्ये अडीचपट आहेत.

तीन, भांडवलाचा वेग. मोटारसायकलचा पैसा महिन्यात फिरतो, सायकलचा तीन महिन्यांत. कमी मार्जिनचा धंदा वेगावर जगतो. सायकलचा खप शाळा उघडण्याच्या सुमारास वाढतो आणि नंतर मंदावतो. समजा, साठा वर्षातून चार वेळा न फिरता तीनच वेळा फिरला, तर विक्री १५० नगांवर येते आणि एकूण नफा १,८०,००० रुपये होतो. व्याज आणि खर्च तेवढेच राहतात. मग ३१,२०० रुपयांच्या शिल्लकीऐवजी २८,८०० रुपयांचा तोटा होतो. सायकलवरील मार्जिन मात्र तेव्हाही २० टक्केच असते. चांगले मार्जिन असलेले दुकान बुडते कसे, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते.

चार, उरलेल्या रकमेचे प्रमाण. सायकल दुकानात शिल्लक विक्रीच्या २.६ टक्के आणि एजन्सीत ०.४ टक्क्याहून कमी आहे. साठ्यातील भांडवलावर पाहिले तर अनुक्रमे १३ टक्के आणि ४.८ टक्के. एजन्सीची रक्कम मोठी, पण त्यासाठी जवळजवळ बारापट पैसा गुंतलेला आहे. शोरूमची सजावट, सेवा केंद्राची अवजारे आणि अनामत रक्कम या हिशेबात धरलेलीच नाही.

पाच, विक्रीनंतरचे उत्पन्न. दोन्ही व्यवसायांत केवळ विक्रीवर घर चालणे कठीण आहे. सायकल दुकानात पंक्चर, ब्रेक, चेन, चाक सरळ करणे अशा कामांतून सामान वजा जाता दिवसाला ४०० रुपये सुटले, तर ३०० दिवसांत १,२०,००० रुपये होतात. विक्रीतून उरलेल्या रकमेच्या जवळजवळ चौपट. एजन्सीला सर्व्हिसिंग, सुटे भाग, कर्ज आणि विमा यांवरील कमिशन सावरून धरते. म्हणून पान्हा धरता येणारा सायकल दुकानदार आणि कारागीर ठेवून काम करून घेणारा दुकानदार यांच्या नफ्यात मोठा फरक पडतो. पहिल्याच्या बाबतीत मजुरी घरातच राहते. मात्र हिशेब करताना त्याने स्वतःच्या श्रमाची मजुरी वेगळी मांडली पाहिजे. नाहीतर जी त्याची मजुरी आहे, तिलाच तो नफा समजत राहील.

सरकारी खरेदी

सायकल उद्योगाचा एक मोठा ग्राहक राज्य सरकारे आहेत. कर्नाटकात २००६-०७ मध्ये आठवीच्या विद्यार्थ्यांना सायकली देण्याची योजना सुरू झाली आणि बेळगाव जिल्ह्यातील मराठी शाळांतील मुलांनाही तिचा लाभ मिळाला. अशा योजनेत सरकार निविदा काढून कंपन्यांकडून घाऊक खरेदी करते. कंपनीला लाखोंची मागणी मिळते, कारखाना चालू राहतो. पण सर्वांत कमी दराची स्पर्धा असल्याने मार्जिन घटते, आणि गावातील दुकानदाराला त्या विक्रीत वाटा मिळत नाही. बिहारने २००६ मध्ये वेगळा मार्ग घेतला. नववीतील मुलींच्या कुटुंबांना सायकलसाठी सुरुवातीला दोन हजार रुपये रोख देण्यात आले. सायकल बाजारातून घ्यायची असल्यामुळे किरकोळ विक्रेत्यालाही ग्राहक मिळाला.

बिहारमधील योजनेचा अभ्यास कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी केला. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. योजनेमुळे योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे व मुली यांच्यातील तफावत ४० टक्क्यांनी घटली, असे त्यांना आढळले. उत्पादकाला थोडा नफा देणारी वस्तू समाजाला किती देऊ शकते, याचा हा पुरावा आहे. ताळेबंदात न दिसणारा असा लाभ अर्थशास्त्राच्या तासाला अवश्य चर्चेस घ्यावा. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल आणि २१ टक्के कुटुंबांकडे मोटारचलित दुचाकी होती. म्हणजे सायकलची किंमत शंभर-दोनशे रुपयांनी वाढणे ही त्या काळी जवळजवळ निम्म्या घरांशी निगडित गोष्ट होती.

अध्यापनासाठी सूचना

या विषयावर वर्गात छोटा प्रकल्प देता येईल. विद्यार्थ्यांचे गट करून एका गटाने सायकल दुकानाची आणि दुसऱ्याने दुचाकी एजन्सीची माहिती घ्यावी. दुकानदार नफ्याचा आकडा सहसा सांगत नाही. तो थेट विचारूही नये. त्याऐवजी किती नग साठ्यात आहेत, महिन्याला साधारण किती विकले जातात, कोणत्या महिन्यांत गर्दी असते, उधारी किती दिवसांची मिळते आणि दुरुस्तीची किती कामे रोज येतात, हे विचारावे. एवढ्या उत्तरांवरून वर दिलेला तक्ता विद्यार्थ्यांना स्वतः भरता येतो. नंतर साठा फिरण्याचा वेग, व्याजदर आणि भाडे यांपैकी एकेक आकडा बदलून पाहावा. कोणता आकडा थोडा हलला की नफा नाहीसा होतो, ते ओळखणे हे या अभ्यासाचे मुख्य फलित मानावे.

समारोप

महाग वस्तूत नफा जास्त असतो किंवा जास्त टक्केवारीचा धंदा अधिक चांगला असतो, हे दोन्ही समज तपासून घेण्यासारखे आहेत. उत्पादनाच्या पातळीवर ज्याच्याकडे इतरांना सहज न जमणारी वस्तू आहे, त्याला मार्जिन मिळते. विक्रीच्या पातळीवर मार्जिन, भांडवलाचा वेग आणि विक्रीनंतरचे काम या तिन्हींचा मेळ बसला तरच शिल्लक राहते. दोन-तीन लाख रुपये आणि हातात कसब असलेल्या तरुणाला सायकलचे दुकान उपयुक्त ठरू शकते, पण ते दुरुस्तीच्या कामासह. मोठे भांडवल, बँकेची पत आणि माणसे सांभाळण्याची तयारी असणाऱ्याने एजन्सीचा विचार करावा. यांपैकी कोणताही निर्णय घेण्यापूर्वी त्याने एक पानभर हिशेब मांडला आणि तो मांडण्याची सवय त्याला महाविद्यालयाच्या वर्गात लागली असली, तर वाणिज्य शिक्षणाचा एक महत्त्वाचा हेतू साध्य झाला असे म्हणता येईल.